नळ योजनेची देखरेख आणि मूल्यमापन: विदर्भातल्या गावांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सरपंच, सचिव, पाणी सोडणारे कर्मचारी, बचत गटातल्या महिला आणि उपविभागात नव्याने आलेले अभियंते हे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. उत्तरे मुख्यतः एका गावाच्या स्वतंत्र योजनेला धरून आहेत: विहीर किंवा बोअर, पंप, उंच टाकी आणि गावातली वितरण लाईन. प्रादेशिक (अनेक गावांना एकत्र पाणी देणाऱ्या) योजना, फ्लोराईडची गावे आणि सौर पंपाच्या छोट्या योजना यांच्यासाठी पुढे वेगळे प्रश्न आहेत.

१. देखरेख आणि मूल्यमापन एकच ना? कागदावर तर दोन्ही जोडीनेच येतात.

जोडीने येतात, पण कामे वेगळी आहेत. देखरेख म्हणजे योजना चालू असताना घेतलेल्या रोजच्या, आठवड्याच्या, महिन्याच्या नोंदी. पंप किती तास चालला, टाकी किती भरली, क्लोरीन किती उतरले. मूल्यमापन वर्षातून एकदा-दोनदा होते आणि त्यात योजना ज्यासाठी बांधली ते होते आहे का, हे पाहतात. जल जीवन मिशनच्या व्याख्येत 'चालू नळजोडणी' म्हणजे माणशी रोज ५५ लिटर, भारतीय मानक १०५०० मध्ये बसणारे पाणी आणि नियमित पुरवठा. तिन्ही हवे.

पंप सहा तास चालला, ही देखरेख. सहा तास चालूनही वरच्या आळीत पाणी का चढत नाही, हे मूल्यमापनात शोधायचे. वही नसेल तर मूल्यमापन करणारा लोकांच्या आठवणीवर अहवाल लिहितो, आणि आठवण मागच्या आठ दिवसांपलीकडे फारशी जात नाही.

२. नोंदी ठेवून पाणी वाढते का? आमच्याकडे तीन वह्या आहेत, पाणी तेवढेच आहे.

नुसत्या वहीने वाढत नाही. आकडा बदलल्यावर कोणी हलले तरच फरक पडतो. म्हणून प्रत्येक आकड्यामागे तीन गोष्टी आधी ठरवून ठेवा: कोणत्या मर्यादेनंतर तो बिघाड मानायचा, त्यानंतर कोणी काय करायचे आणि किती दिवसांत. उदाहरणार्थ, टाकी भरायला नेहमीच्या ४० मिनिटांऐवजी ५० च्या वर लागली, तर कर्मचाऱ्याने त्याच दिवशी सचिवाला सांगायचे आणि सचिवाने तीन दिवसांत मेकॅनिक बोलवायचा. शेवटच्या नळाला क्लोरीन शून्य आले, तर त्याच सकाळी डोस तपासायचा. असे ठरलेले नसेल तर वही फक्त लेखापरीक्षणाला कामी येते.

देखरेखीने कामगिरी तीन ठिकाणी नक्की सुधारते. पंपाची झीज मोटार जळण्याआधी कळते. मोटार जळली की रिवाइंडिंगचा खर्च वेगळा आणि गाव तेवढे दिवस कोरडे. दुसरे, 'पाणी सोडलेच नाही' आणि 'सोडले होते' हा वाद वहीतल्या वेळेवर मिटतो. तिसरे, खर्च उघड दिसल्यावर पाणीपट्टीची चर्चा सोपी होते (प्रश्न १५).

जिथे स्रोतच अपुरा आहे किंवा लाईनचा व्यास चुकला आहे, तिथे कितीही काटेकोर नोंदीने पाणी वाढणार नाही. तिथे नोंदीचा उपयोग दुरुस्तीच्या प्रस्तावाला पुरावा म्हणून.

तीन वह्यांबद्दल स्पष्ट सांगायचे तर दोन बंद करा. एकाच माणसाला पाच नमुने भरायला लावले की तो पाचही शनिवारी बसून भरतो.

३. मग रोज नेमके काय लिहायचे?

एका दिवसाला एक ओळ पुरते. रकाने असे: तारीख, पंप सुरू आणि बंद केल्याची वेळ, वीजमीटरचे रीडिंग, व्होल्टेज आणि अँपिअर, पाणी सोडण्याआधी आणि नंतर टाकीची पातळी, कोणत्या झोनला किती वाजता ते किती वाजता पाणी, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) किती ग्रॅम, शेवटच्या नळाचे क्लोरीन, शेरा. शेऱ्यात 'लाईन (वीज) नव्हती', 'डीपी (रोहित्र) जळली', 'नंदीजवळ लिकेज' असे साधे शब्द चालतात.

व्होल्टेजचा रकाना बरेच जण गाळतात, आणि विदर्भात तोच महत्त्वाचा. शेतीपंप सुरू झाले की गावच्या डीपीवर व्होल्टेज बसते. थ्री फेजला ४१५ व्होल्ट अपेक्षित असतात. ते ३७५ च्या खाली गेले की मोटार जास्त अँपिअर ओढते आणि तापते. सकाळी किती वाजेपर्यंत व्होल्टेज बरे असते, हे महिनाभराच्या नोंदीतून कळते, आणि पंपाची वेळ त्यावरून ठरवता येते.

४. आमच्या टाकीला पाण्याचे मीटर नाही. किती पाणी चढले कसे मोजायचे?

टाकीच तुमचे मीटर. गोल टाकीचा आतला व्यास माहीत करून घ्या. ५ मीटर व्यास असेल तर क्षेत्रफळ साधारण १९.६ चौरस मीटर, म्हणजे पातळी १ सेंटिमीटर चढली की जवळपास १९६ लिटर पाणी आले. टाकीतून बाहेर जाणारा वॉल्व्ह पूर्ण बंद करा, पातळी पहा, पंप लावा, आणि ५० सेंटिमीटर चढायला किती मिनिटे लागतात ते घड्याळावर बघा. ४० मिनिटे लागली तर ९,८०० लिटर भागिले ४०, म्हणजे मिनिटाला २४५ लिटर, तासाला साधारण १४,७०० लिटर.

हे महिन्यातून एकदा ठरलेल्या तारखेला करा. पातळीदर्शक तुटलेला असेल तर आधी तो बसवून घ्या. रोज टाकीवर चढून बघायला लावणे धोक्याचे आहे आणि ते चार दिवसांपलीकडे टिकत नाही.

५. माणशी ५५ लिटर खरेच मिळते का, हे घरच्या नळावर कसे तपासायचे?

१५ लिटरची बकेट आणि मोबाइलवरचे घड्याळ एवढेच लागते. पाच माणसांच्या घराला रोज २७५ लिटर हवे. पाणी एक तास येत असेल तर नळाला मिनिटाला निदान ४.६ लिटर धार पाहिजे, म्हणजे बकेट सव्वातीन मिनिटांत भरली पाहिजे. ४५ मिनिटेच येत असेल तर अडीच मिनिटांच्या आत. एक दिवसाआड पुरवठा असेल तर त्या एका पाळीत ५५० लिटर मिळायला हवे.

नळ कोणते निवडता यावर सगळे अवलंबून आहे. प्रत्येक झोनमध्ये तीन घरे घ्या: टाकीजवळचे, मधले, आणि सर्वांत लांबचे किंवा सर्वांत उंचावरचे. सरपंचाच्या आणि सदस्यांच्या घरी मोजून काही कळत नाही. पाणी सुटल्यावर दहा मिनिटांनी एकदा आणि बंद व्हायच्या दहा मिनिटे आधी एकदा मोजा, कारण शेवटच्या घराला बऱ्याचदा निम्मी वेळ नुसती हवाच येते. आधी कळवून गेलात तर त्या दिवशी वॉल्व्ह जरा जास्तच उघडलेला असतो.

६. टाकी भरून जाते, तरी लोकांना पाणी पुरत नाही. गळती किती आहे आणि कुठे?

आधी किती ते काढा. टाकीतून एका पाळीत २.४ मीटर पाणी उतरले, व्यास ५ मीटर, म्हणजे साधारण ४७,००० लिटर गेले. २०० जोडण्या असतील तर घरटी सरासरी २३५ लिटर पोहोचायला हवे. प्रश्न ५ प्रमाणे वीस घरांत मोजून सरासरी १५० निघाली, तर पोहोचले ३०,०००. उरलेले १७,००० लिटर, म्हणजे ३६ टक्के, कुठेतरी जात आहे: फुटलेली लाईन, टाकीजवळच्या घरांनी सोडून दिलेले नळ, वीटभट्टी, गोठा किंवा चोरीची जोडणी.

मग टाकी तपासा. रात्री आत आणि बाहेर जाणारे दोन्ही वॉल्व्ह बंद करून पातळी लिहा. सकाळी १० सेंटिमीटर उतरली असेल तर दोन हजार लिटरच्या आसपास पाणी टाकीतून किंवा न बसणाऱ्या वॉल्व्हमधून गेले. टाकी ठीक असेल तर एकेक झोन उघडून तोच हिशेब करा.

काळ्या कापसाच्या जमिनीत गळती वर दिसत नाही. उन्हाळ्यात जमिनीला हातभर भेगा पडतात, पाणी त्यातून खाली जाते आणि रस्ता कोरडाच राहतो. पावसात हीच माती फुगते आणि पाइपचे सांधे ओढते. पाइपखाली आणि भोवती वाळू किंवा मुरूम न भरता थेट काळी माती लोटली असेल, तर सांधे दरवर्षी सुटतात. बहुतेक गळती घरजोडणीच्या फेरूल-सॅडलपाशी, म्हणजे मुख्य पाइपला घराची नळी जिथे जोडतात तिथे, सापडते. शोधायची वेळ दोनदा: मे महिन्यात आणि पहिल्या दोन-तीन पावसांनंतर. वॉल्व्ह चेंबरमध्ये कायम पाणी साचलेले असेल तर तिथूनच सुरुवात करा.

गळतीने पाणी कमी होते, पण त्याहून वाईट म्हणजे पाणी बंद केल्यावर रिकामी लाईन त्याच भोकातून नालीचे पाणी आत ओढते.

७. वीजबिल वाढत चालले आहे. दर वाढला की पंप बिघडला, कसे ओळखायचे?

रुपये बघू नका, युनिट बघा. महिन्याचे युनिट भागिले महिन्यात चढवलेले हजार लिटर, हा आकडा दर महिन्याला लिहा. १,००० लिटर पाणी १ मीटर उचलायला शुद्ध गणिताने ०.००२७ युनिट लागते. विहिरीतली उपसा चालू असतानाची पातळी ते टाकीचे तोंड ६० मीटर असेल आणि पंप-मोटारीची एकत्र कार्यक्षमता ५० टक्के धरली, तर हजार लिटरला साधारण ०.३३ युनिट. २,००० लोकांच्या गावाला गळती धरून रोज १,३०,००० लिटर चढवायचे असेल तर ४३ युनिट.

तुमचा आकडा याच्या दीडपट झाला तर कारणे सहसा अशी: इंपेलर (पंपातले फिरणारे चाक) झिजला, फूट व्हॉल्व्ह किंवा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह पाणी मागे सोडतो, चढत्या लाईनला गळती आहे, किंवा विहिरीची पातळीच खाली गेली. शेवटचे कारण उन्हाळ्यात स्वाभाविक आहे, म्हणून तुलना मागच्या महिन्याशी न करता मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. युनिट तेवढेच आणि बिल जास्त, तर दर, थकबाकीचे व्याज किंवा मीटर बंद असल्याने काढलेले सरासरी बिल तपासा.

८. विहिरीची पातळी कधी आणि कशी मोजायची? ते काम तर भूजलवाल्यांचे ना?

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. ऑक्टोबरची पातळी मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून टंचाईचा अंदाज निघतो. पण त्यांची निरीक्षण विहीर तुमच्या गावात असेलच असे नाही, आणि असली तरी ती तुमची पिण्याची विहीर नसते.

गावाने पंधरा दिवसांतून एकदा दोन मोजमापे घ्यावीत. पहाटे पंप लावण्याआधीची स्थिर पातळी, आणि पंप दोन तास चालल्यानंतरची उपसा पातळी. विहिरीत वजन बांधलेला टेप सोडा. बोअरमध्ये टेप केबलला अडकतो, म्हणून बोअर करतानाच अर्ध्या-पाऊण इंचाचा मोजणी पाइप सोबत सोडून घ्या. स्थिर पातळी ठीक पण उपसा पातळी झपाट्याने खाली जात असेल, तर झरे गाळाने बुजले असण्याची शक्यता जास्त. दोन्ही खाली, तर परिसरातले भूजलच उतरले.

पश्चिम विदर्भात बेसाल्ट खडक आहे. पाणी झिजलेल्या थरात आणि सांध्यात जेवढे साठते तेवढेच. वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात भोवतालचे खोल बोअर मार्चनंतर गावच्या विहिरीचे पाणी ओढतात. तिथे ऑक्टोबरचा आकडा चांगला दिसला म्हणून निश्चिंत राहू नका. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीत माजी मालगुजारी तलावाखालच्या (मालगुजारांच्या काळातल्या जुन्या तलावांखालच्या) विहिरी तलावाच्या पातळीबरोबर वरखाली होतात, म्हणून तिथे तलावाची पातळीही वहीत लिहा.

९. टीसीएल किती टाकायचे? पाकिटावर आणि प्रशिक्षणात वेगवेगळे सांगतात.

ताजे, ३३ टक्के क्लोरीन असलेले टीसीएल १,००० लिटरला ५ ग्रॅम. ५०,००० लिटरच्या टाकीला पाव किलो. फरक पडतो तो पावडर जुनी झाल्यावर. विदर्भाच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या, तोंड उघड्या पोत्यातले क्लोरीन झपाट्याने उडते. क्लोरीन २० टक्क्यांवर आले की तेवढ्याच पाण्याला ८ ग्रॅमच्या वर लागते, आणि त्याखाली गेलेली पावडर वापरूच नये. नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या. साठा सावलीत, लाकडी फळीवर, हवाबंद ठेवा आणि आधी आलेले आधी संपवा.

पावडर थेट टाकीत ओतू नका. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळी टाका आणि अर्धा तास थांबून पाणी सोडा. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन गाळातच खर्च होते. आधी तुरटी, मग टीसीएल.

खरी परीक्षा शेवटच्या नळावर. तिथे लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरले पाहिजे, साथीच्या दिवसांत ०.५. ओटीचे (ऑर्थोटोलिडिन, क्लोरीन असेल तर पाणी पिवळे करणारे रसायन) थेंब टाकल्यावर रंग लगेच, दहा सेकंदांच्या आत वाचा. नंतर तो आपोआप गडद होतो आणि नसलेले क्लोरीन असल्यासारखे दिसते. तपासलेले पाणी फेकून द्या, हात धुवा, ओटीची बाटली उन्हात ठेवू नका.

टाकीत १ आणि शेवटच्या नळाला शून्य असेल तर डोस वाढवण्याआधी लाईन तपासा (प्रश्न ६).

१०. गावाला हिरवे कार्ड आहे, तरी हगवण लागली. असे कसे?

लाल, पिवळे आणि हिरवे कार्ड हे स्वच्छता सर्वेक्षणावरून मिळते. हे सर्वेक्षण पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर होते. त्या दिवशी स्रोताभोवती जोखीम किती होती एवढेच ते सांगते. मधल्या महिन्यांची हमी देत नाही.

शिवाय लोक नेहमी योजनेचेच पाणी पितात असे नाही. जुलै २०२२ मध्ये चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरी आणि कोयलारी इथे नळ योजनेची वीज थकबाकीमुळे तोडलेली होती, लोकांनी उघड्या विहिरीचे पाणी घेतले आणि कॉलरा पसरला. यातून देखरेखीच्या यादीत दोन गोष्टी वाढतात. थकीत वीजबिल हा आरोग्याचा आकडा आहे, म्हणून तो दर महिन्याच्या बैठकीत वाचा. आणि नळ बंद पडल्यावर गाव ज्या विहिरीवर, झऱ्यावर किंवा हापशीवर जाईल तिची यादी आधीच करून, पुरवठा बंद पडलेल्या पहिल्याच दिवसापासून तिथे टीसीएल टाका.

११. किटमध्ये पाणी चांगले आले, प्रयोगशाळेत खराब. कोणाचे खरे?

प्रयोगशाळेचे. गावात प्रशिक्षण घेतलेल्या पाच महिलांकडे असलेले पाणी तपासणीचे किट ही चाळणी आहे. त्यात रंग डोळ्याने जुळवायचा असतो, रसायनांची मुदत संपलेली असू शकते. किटमध्ये मर्यादेबाहेर किंवा काठावर आले की नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा.

पण प्रयोगशाळेचा निकालही नमुन्याइतकाच खरा. जिवाणू तपासणीची निर्जंतुक बाटली विसळायची नाही, आत क्लोरीन मारणारे रसायन असते. नळ दोन-तीन मिनिटे वाहू द्या, बाटलीच्या तोंडाला बोट लावू नका, बर्फात ठेवा आणि २४ तासांच्या आत पोहोचवा. मे महिन्यात दुचाकीच्या डिकीत दुपारभर फिरलेला नमुना तपासून उपयोग नाही. रासायनिक नमुन्याची बाटली मात्र त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळायची. रासायनिक तपासणी वर्षातून एकदा, जैविक दोनदा, हे किमान आहे.

१२. आमच्याकडे फ्लोराईड आहे. ते काढणारे यंत्र बसवले, आता काय बघायचे?

यवतमाळमधले केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, वणी आणि चंद्रपूरमधला काही भाग यांचा हा प्रश्न. मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत. टीसीएलने किंवा उकळून फ्लोराईड जात नाही; उकळल्याने पाणी आटते आणि प्रमाण वाढतेच.

यंत्रातून पाणी येते आहे एवढ्यावर भागत नाही, कारण गाळणीचे माध्यम संपृक्त झाले तरी पाणी स्वच्छच दिसते आणि चवही बदलत नाही. दर आठवड्याला बाहेर पडणारे पाणी किटने तपासा. १ च्या जवळ गेले की माध्यम पुनर्जीवित करायचे किंवा बदलायचे; १.५ ची वाट बघायची नाही. किती हजार लिटरनंतर ही वेळ आली ते लिहून ठेवा, पुढची तारीख त्यावरून येईल. नागपूरच्या 'नीरी'ने (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने) विकसित केलेली नालगोंडा पद्धत तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडरवर चालते. तिथे डोस आणि उरलेला गाळ कुठे टाकला, या दोन नोंदी हव्यात.

बोअर आणखी खोल नेण्याआधी पाणी तपासा. खोलीबरोबर फ्लोराईड अनेकदा वाढते, आणि जवळची उथळ विहीर बरी निघू शकते.

१३. आम्ही खारपाणपट्ट्यात आहोत, पाणी प्रादेशिक योजनेचे. स्रोत, पंप काहीच आमच्या हातात नाही. आम्ही कशाची देखरेख करायची?

गावाच्या वेशीपासून पुढची. अकोला, अमरावती, बुलडाण्यातल्या पूर्णा खोऱ्यात भूजल खारे असल्याने धरणावरच्या योजना आहेत; वान धरणावरची अकोट-तेल्हाऱ्याची ८४ खेडी योजना त्यांतली एक. अशा योजनेत शेवटच्या गावांना पाणी आठवड्याने येते आणि दोष एकमेकांवर जातो. म्हणून वेशीवरचे बल्क मीटर (गावाला येणारे एकूण पाणी मोजणारे) चालू आहे का, पाणी कोणत्या तारखेला, किती वाजता आले, मीटर किती फिरले आणि त्या वेळी क्लोरीन किती होते, हे गावाने स्वतः लिहावे. दोन पाळ्यांमधले दिवस हा इथला सर्वांत महत्त्वाचा आकडा. वरच्या तीन-चार गावांनी एकाच नमुन्यात नोंद ठेवली तर पाणी कोणत्या टप्प्यात अडते ते ताडता येते.

मीटर बंद असेल तर गावच्या टाकीवर प्रश्न ४ ची पद्धत. आणि आठ दिवस साठवलेले पाणी घरातल्या टाक्यांतच बिघडते, म्हणून अधूनमधून तपासणी तिथेही हवी.

१४. योजना ताब्यात घ्या म्हणून कंत्राटदार घाई करतो. ठराव देण्याआधी काय बघायचे?

कागद आणि पाणी, दोन्ही. कागदांत प्रत्यक्ष टाकलेल्या लाईनचा नकाशा (अंदाजपत्रकातला नाही), वॉल्व्हच्या जागा, पंपाचा तक्ता आणि हमीपत्र, स्रोताची क्षमता चाचणी कोणत्या महिन्यात झाली, पाणी तपासणीचा अहवाल, त्रयस्थ तपासणीचा अहवाल. नकाशा मिळाला नाही तर पुढच्या प्रत्येक दुरुस्तीला अंदाजाने रस्ता खणावा लागेल.

पाण्यात: टाकी काठोकाठ भरून सात दिवस बाहेरून ओल येते का बघा. प्रत्येक झोनच्या शेवटच्या नळावर बकेट लावा. दोन-तीन ठिकाणी खणून पाइपची खोली आणि खालचा मुरूम बघा. चाचणी डिसेंबरात घेतली असेल तर उन्हाळ्यात पुन्हा घेण्याची अट ठरावातच लिहा. 'हर घर जल'चा ग्रामसभेचा ठराव वेगळा. तो सगळ्या घरांना पाणी पोहोचल्यावर द्यायचा, लाईन टाकून झाल्यावर नाही.

१५. मोजमापाचा आणि पाणीपट्टी वसुलीचा काय संबंध?

पाणीपट्टी अंदाजाने ठरते म्हणून ती खर्चाला पुरत नाही. वीज, कर्मचाऱ्याचे मानधन, टीसीएल, किरकोळ दुरुस्ती आणि मोठ्या दुरुस्तीसाठी बाजूला काढायची रक्कम, या सगळ्याची बेरीज करा. समजा ती वर्षाला ३,६०,००० आली आणि जोडण्या २००, तर घरटी १,८०० रुपये. फक्त १२० घरे भरत असतील तर प्रत्यक्षात त्यांच्यावर ३,००० चा भार येतो किंवा वीज थकते. हा हिशेब शेवटच्या नळांच्या मोजणीसोबत ग्रामसभेत वाचा. ज्या आळीत पाणी येत नाही ती आळी पट्टी भरत नाही, हे दोन तक्ते शेजारी ठेवले की बहुतेक गावांत दिसते. तिथे आधी लाईन, मग वसुली.

पंधराव्या वित्त आयोगाचा बंधित (पाणी आणि स्वच्छतेसाठीच वापरायचा) निधी २०२१-२६ साठी होता. त्यावर रोजचे वीजबिल टेकवलेल्या गावांनी हा हिशेब आधीच करायला हवा.

१६. मूल्यमापन कोणत्या महिन्यात करावे?

एप्रिलचा शेवट ते मे. पाण्याची मागणी सर्वांत जास्त आणि स्रोत सर्वांत कमी, तेव्हाच योजनेची ताकद कळते. दर्जासाठी दुसरी फेरी जुलैत. नोव्हेंबर-डिसेंबरात सगळ्याच योजना चांगल्या दिसतात, आणि पाहणीचे दौरेही नेमके तेव्हाच ठरतात.

१७. वहीतल्या नोंदी खोट्या आहेत, हे कसे ओळखायचे?

एकमेकांशी ताडून. वीज नसलेल्या दिवशीही पंप सहा तास दिसतो का? मोटार ७.५ अश्वशक्तीची, म्हणजे तासाला साडेपाच-सहा युनिट. लिहिलेले तास गुणिले सहा आणि मीटरवरचे युनिट जुळतात का? २५ किलोचे टीसीएलचे पोते रोज ६५० ग्रॅम (१,३०,००० लिटरला) वापरात ३८ दिवसांत संपायला हवे. सहा महिने पुरले असेल तर क्लोरीनचा रकाना घरी बसून भरला आहे. सलग तीस दिवस क्लोरीन ०.५ हेही शक्य नाही.

खोटी नोंद सापडली की कर्मचाऱ्यावर नोटीस काढायची घाई नको. बहुतेक वेळा ओटीची बाटली दोन महिन्यांपूर्वीच संपलेली असते आणि शून्य लिहिले तर बोलणी बसतात, हे त्याला माहीत असते. शून्य लिहिणाऱ्याला बोलणे बसणार नाही, अशी व्यवस्था आधी करा.

१८. आता सेन्सर बसले आहेत, मोबाइलवर सगळे दिसते. वही बंद करू का?

नाही. सेन्सर टाकीतले पाणी आणि प्रवाह दाखवतो. शेवटच्या घराचा नळ आणि पाण्याचा वास दाखवत नाही. रेंज गेली, सौर प्लेटवर धूळ बसली, बॅटरी संपली की आकडा थांबतो आणि पडद्यावर जुनाच दिसत राहतो. तीन महिन्यांतून एकदा प्रश्न ४ च्या पद्धतीने सेन्सरचा आकडा पडताळा. सेन्सर असेल तर वहीतले दोन-तीन रकाने मात्र कमी करता येतील.

१९. पोडावर, टोल्यावर, ढाण्यावर (गावापासून वेगळ्या छोट्या वस्त्यांवर) सौर पंपाची छोटी योजना आहे. तिथे ना कर्मचारी, ना वही. काय करावे?

इथे रोजची नोंद मागूच नका. बोअर, सौर पंप, पाच हजार लिटरची टाकी आणि दोन-चार नळकोंडाळी, एवढ्यासाठी आठवड्याला चार खुणा पुरतात: टाकी दुपारपर्यंत भरली का, प्लेट पुसली का, टीसीएल टाकले का, नळाची तोटी गळते का. अक्षरांऐवजी चित्रांचा तक्ता कोंडाळ्याजवळच्या घरात टांगा. दुरुस्तीवाल्याचा नंबर टाकीवर रंगवा आणि तक्रार केल्यापासून दुरुस्तीपर्यंत किती दिवस लागले, तेवढेच ग्रामपंचायतीने लिहावे. मेळघाट, गडचिरोलीत पावसाळ्यात ढगाळ आठवडे असतात, तेव्हा टाकी अर्धीच भरते. तो बिघाड नाही. त्या दिवसांसाठी त्याच बोअरवरची हापशी चालू स्थितीत ठेवणे, ही खरी देखरेख.

२०. जल जीवन मिशनच्या पोर्टलवर आमचे गाव शंभर टक्के दाखवते. नळाला पाणी नाही. कुठे जायचे?

पोर्टलवरची संख्या जोडण्यांची असते. जोडणी झाली म्हणजे पाणी आले असे नाही. आधी प्रश्न ५ ची मोजणी तारीख, वेळ, घर क्रमांकासह सात दिवस करा. ती ग्रामसभेत ठरावात घ्या आणि ठराव गटविकास अधिकारी आणि जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाच्या उपअभियंत्याकडे पोहोच घेऊन द्या. मोजमाप पुस्तिका, अंदाजपत्रक आणि त्रयस्थ अहवाल मिळत नसतील तर माहिती अधिकार कायदा, २००५ खाली अर्ज करा. उत्तराची मुदत ३० दिवस. मिशनची मुदत २०२८ पर्यंत वाढवली असल्याने अपूर्ण कामे आता मांडून ठेवणे फायद्याचे.

२१. मोजणीच्या दिवशी टुल्लू पंप (नळाला लावून पाणी ओढणारे छोटे पंप) बंद ठेवायचे की चालू?

दोन्ही वेळा मोजा. बंद ठेवून मोजले तर लाईनची खरी क्षमता कळते, चालू ठेवून मोजले तर लोकांना रोज काय मिळते ते. बंद असताना शेवटच्या घराला पुरेसे पाणी येत असेल तर दोष टुल्लूचा आहे आणि कारवाई ग्रामसभेने करायची. बंद असतानाही येत नसेल तर लोकांनी टुल्लू का लावले ते समजते. तिथे पंप जप्त करण्याआधी झोन लहान करा किंवा वेळा बदला. टुल्लू रिकाम्या लाईनमधून नालीचे पाणी ओढतो, म्हणून अशा आळीत जैविक नमुना पाणी सुटल्यावर पहिल्या पाच मिनिटांत आणखी एक घ्या. नळ वाहू देऊन घेतलेल्या नेहमीच्या नमुन्यात ही घाण सापडत नाही.